झोपेचे पथ्य, झोपेचे औषध

आयुर्वेदाच्या मूळ संहितांमध्ये निद्रानाशाला स्वतंत्र अध्याय नाही, आणि ही बाब दिसते तितकी किरकोळ नाही. चरकसंहितेतील निद्रेचे सविस्तर विवेचन सूत्रस्थानाच्या 21व्या, ‘अष्टौनिन्दितीय’ या अध्यायात येते. त्या अध्यायाचा मुख्य विषय मात्र अतिस्थूल आणि अतिकृश माणसांची चिकित्सा हा आहे. शरीराचे भरणे आणि झडणे जसे आहारावर तसेच झोपेवर अवलंबून असते, अशी धारणा असल्यामुळे झोपेचा विचार जेवणाच्या पंक्तीला बसवला गेला. त्याच सूत्रस्थानाच्या 11व्या अध्यायात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना ‘उपस्तंभ’, म्हणजे शरीराला आधार देणारे टेकू, म्हटले आहे.

झोप जाण्याची कारणे सांगण्याची चरकाची रीत मोठी मार्मिक आहे. प्रथम अतिझोपेवरचे उपाय येतात: वमन, विरेचन, भय, चिंता, क्रोध, धूम, व्यायाम, रक्तमोक्षण, उपवास, अडचणीची शय्या आणि सत्त्वगुणाची वाढ; आणि मग हीच निद्रानाशाची कारणे समजावीत, असे सांगून त्यांत काम, काळ, व्याधी, प्रकृती आणि वायू यांची भर घातली जाते. एका रुग्णाचे औषध तेच दुसऱ्याचे दुखणे ठरते, हे इतक्या काटकसरीने सांगणारे स्थळ वैद्यकग्रंथांत विरळाच. वाताच्या 80 विकारांच्या यादीतही ‘अस्वप्न’ म्हणजे झोप न येणे मोजलेले असल्यामुळे उपचाराचा सगळा रोख स्निग्ध आणि जड पदार्थांनी वाताला शांत करण्याकडे राहिला.

हे उपाय वाचताना औषधालयापेक्षा घराचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. अभ्यंग, उटणे, स्नान, साळीचा भात, दही, दूध, तूप, मनाला रुचणारे गंध आणि शब्द, अंग चेपणे, डोळ्यांचे तर्पण, डोक्याला व चेहऱ्याला लेप, नीट अंथरलेले बिछाने, सुखाचे घर आणि सवयीची वेळ, असा तो क्रम आहे. त्यात मांसरस आणि मद्यही आहेत, जे आजच्या सात्त्विक पुस्तिकांतून हळूच गाळले जातात. सूत्रस्थानाच्या 25व्या अध्यायात त्या त्या कामासाठी श्रेष्ठ द्रव्यांची गणना केली आहे, आणि तेथे झोप आणणाऱ्या पदार्थांत पहिला मान म्हशीच्या दुधाला दिला आहे.

सुश्रुताने वात आणि पित्त यांच्याबरोबरच मनस्ताप, धातुक्षय आणि आघात यांनाही कारणांत स्थान दिले आणि रात्री द्राक्षे, साखर व ऊस खाण्यास सांगितले. वाग्भटाचा सल्ला अधिक व्यवहारी आहे: सवय नसताना जागरण घडले, तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही खाण्यापूर्वी, झोपावे. डोक्यावर तेल वापरण्याचे जे चार प्रकार त्याने सांगितले, त्यांपैकी ‘सेक’ म्हणजे धार धरणे हा प्रकार पुढे केरळच्या वैद्यांनी ‘शिरोधारा’ म्हणून नावारूपाला आणला. त्यात तळाला भोक पाडून वात ओवलेल्या भांड्यातून कपाळावर संथ, एकसारखी धार सोडतात.

तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या शार्ङ्गधरसंहितेत मात्र ‘व्यवायी’, म्हणजे पचण्याआधीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्यांची उदाहरणे म्हणून भांग आणि अफू आली, आणि उत्तरकाळातील काही निद्राकारक गोळ्यांत अफूचा शिरकाव झाला. संग्रहग्रंथांत गुळाबरोबर पिंपळमुळाच्या चूर्णाचे चाटणही आढळते. मराठी घरांनी पिंपळमूळ म्हणजेच गंठोडा जवळ केला, त्याच्या जोडीला सहाणेवर दुधात उगाळलेले जायफळ आणि तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणे ठेवले. पण मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना दिवसभर निजवून ठेवण्यासाठी अफूची ‘बाळगोळी’ देत असल्याचे 1920च्या दशकातील पाहण्यांत नोंदले गेले. येथे झोप हा आरोग्याचा नव्हे, तर पाळीच्या तासांचा प्रश्न झाला होता.

बिहारमध्ये गरीब घरांतून मुलांना निजवण्यासाठी आणि वेड लागलेल्यांना शांत करण्यासाठी सर्पगंधेचे मूळ वापरले जाई. बाजारात त्याला ‘पागल की दवा’ असे नावच पडले होते. कविराज गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये उन्माद व रक्तदाब यांवरील औषध म्हणून त्याचा अहवाल छापला, आणि मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढले, आणि अंगणातली मुळी गोळीच्या रूपाने जगभर गेली. काही रुग्णांना त्यातून खिन्नता येते असे दिसू लागल्यावर तिचा वापर ओसरला.

भारतीय औषध नियमांच्या ‘ई-1’ अनुसूचीत अफू आणि भांग या दोन्हींची नावे आहेत, आणि ती असलेली आयुर्वेदीय औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. म्हशीच्या दुधाला अशी सूचना लागत नाही.