ताल, वृत्त आणि शाळेचा तास

इंदुरात तालाचा विषय निघाला की नाना पानसे यांचे नाव अगोदर घ्यावे लागते. कीर्तनाच्या साथीत वाढलेला आणि काशीस जोधसिंहांकडे शिकलेला हा मराठी पखवाजी एकोणिसाव्या शतकात होळकरांच्या आश्रयाने येथे स्थिरावला. सखारामपंत आगळे, त्यांच्या पुढे अंबादासपंत आगळे, अशी त्यांची परंपरा या शहरात नांदली. नानांच्या बोटांतील तयारीचे गुणगान पुष्कळ होते. मला मात्र त्यांच्यातील शिक्षक अधिक मोलाचा वाटतो. अवघड वादन त्यांनी सुलभ व क्रमवार केले, म्हणून ते अनेकांपर्यंत पोहोचले.

गुरुगृहातील हा ताल वर्गात आला तो विसाव्या शतकात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांच्या योजनेनुसार १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय उभे राहिले. समेची फुली, खालीचे शून्य आणि टाळ्यांचे आकडे छापील पानावर आले, आणि कानाने शिकायची गोष्ट डोळ्यांनाही दिसू लागली. हा लाभ मोठाच. परंतु वेळापत्रकाने एक फाळणीही केली. ताल संगीतशिक्षकाच्या वाट्यास गेला, वृत्त व्याकरणाच्या तासाला गेले.

वास्तविक दोहोंचा हिशेब एकच आहे. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'च्या १९३७ च्या वाढविलेल्या आवृत्तीत मराठी पद्यरचनेची लयबद्ध मांडणी केली. पाच मात्रांचे आवर्तन ते हर, सहांचे भृंग, सातांचे अग्नी, तर आठांचे पद्म. संगीताच्या विद्यार्थ्याने हे आकडे ऐकताच त्याला झपताल, दादरा, रूपक आणि केरवा आठवावेत. आठवत नाहीत, कारण त्याला कोणी तसे सांगितलेलेच नसते. हिंदीच्या तासाला आमची मुले चौपाईच्या १६ मात्रा मोजतात, संगीताच्या तासाला त्रितालाच्या १६. हे १६ आणि ते १६ यांची गाठ मात्र पडत नाही!

नववीच्या वर्गात करून पाहण्याजोगा एक पाठ सांगतो. भुजंगप्रयात, म्हणजे मनाच्या श्लोकांचे वृत्त, घ्यावे. चरणात चार यगण. लघु, गुरू, गुरू, म्हणजे गणाच्या पाच मात्रा आणि चरणाच्या २०. झपतालाच्या १० मात्रा, विभाग दोन-तीन-दोन-तीन. टाळी पहिल्या, तिसऱ्या व आठव्या मात्रेवर, खाली सहावीवर. आता चरण समेवरून न उचलता तिसऱ्या मात्रेवरून उचलावा. पहिले अक्षर दुसऱ्या टाळीवर पडते, तिसरे खालीवर, चौथे तिसऱ्या टाळीवर, आणि सहावे नेमके समेवर. पुढील सहा अक्षरांचेही तसेच. घरी श्लोक म्हणताना आपण इतके काटेकोर नसतो, अंत्य गुरू ऐसपैस लांबवतो. तो लांबवण्याचा हक्क कोठून येतो हेही मुलांना येथेच कळते. यासाठी तबला लागत नाही. दोन तळहात पुरतात.

याची निकड इंदुरास अधिक आहे. येथील बहुतेक मराठी घरांतील मुले हिंदी वा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या जिभेवर जी मराठी उरते ती पुष्कळदा आरतीची आणि स्तोत्राची, म्हणजे ठेक्यावर तोललेली. अर्थ सांगता येत नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. चुकले तर टाळी अडखळते. शुद्धलेखनाच्या तासाला हेच ऱ्हस्व-दीर्घ त्यांना जाच वाटते. मराठीच्या आणि संगीताच्या शिक्षकांनी आठवड्यातील एक तास एकत्र घेतला, तर या मुलांपाशी आधीच असलेल्या भांडवलावर पुढचा धडा उभा राहील. आरंभ आठ मात्रांच्या आरतीने करावा, मग झपताल. रूपकाची पहिली मात्राच खालीची असल्याने तो दहावीसाठी राखून ठेवावा.