टिळकांचा सौम्य धर्मोपदेश

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) : मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढे त्या अहमदनगरला त्यांच्याकडे परतल्या, परंतु सोवळे-ओवळे सांभाळूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. धर्मोपदेशकाचा एवढा कस घराबाहेर क्वचितच लागतो. श्रोत्यांना ख्रिस्त परका वाटू नये म्हणून टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन हीच माध्यमे स्वीकारली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते.