पन्नासच्या पुढचा काटा

ज्या पिढीने मोटारीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिला गाडी सावकाश चालवावी हे कोणी शिकवावे लागले नाही. आम्हांला मात्र ते शिकावे लागले, आणि त्याची किंमत आमच्यापैकी एकाने भरली. तो हिशोब मांडण्यापूर्वी थोडा मागचा इतिहास पाहणे इष्ट ठरेल.

स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे आपल्याकडे मोटार म्हणजे बहुधा उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर किंवा कुर्ल्याची फियाट. कारखान्यांनी किती गाड्या काढाव्यात हे सरकारी परवान्यांवर ठरे. त्यामुळे पैसे भरूनही ग्राहकास तिष्ठत बसावे लागे. १९८१ साली मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९८२ साली जपानच्या सुझुकी कंपनीशी तिचा करार झाला. आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीच्या किल्ल्या ग्राहकाच्या हाती ठेवल्या. तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि वजन जेमतेम साडेसहाशे किलो! जुन्या अवजड गाड्यांना गती घेण्यास धाप लागे. ही चिमुकली पायाच्या इशाऱ्यासरशी धावू लागे. वेग हा तोवर धनिकांचा शोक होता. तो आता कारकुनाच्या दारी येऊन उभा राहिला.

आमच्या दारी तो १९९७ साली आला. बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून ही गाडी घेतली. दिल्लीच्या थंडीत सकाळी चोक ओढून ते तिला हळुवारपणे जागे करीत. गणेशोत्सवाला सारे कुटुंब तीत दाटीवाटीने बसे; पण काट्याने पन्नासची रेघ ओलांडलेली आम्ही कधी पाहिली नाही. मागून हॉर्न वाजत, आम्ही शरमेने मान खाली घालत असू. बाबा शांतपणे डावीकडे सरून वाट देत.

जानेवारी २००८ मध्ये दिल्ली-गुडगाव द्रुतगती मार्ग खुला झाला. सुमारे २८ किलोमीटरचा तो रस्ता आणि आमची कॉलेजची वर्षे एकाच वेळी उघडली म्हणावयास हरकत नाही. ज्या गुडगावात आमची गाडी जन्मली, त्याच गुडगावकडे आम्ही चौघे मित्र रात्री तिला पिटाळीत असू. नव्वदच्या पुढे चाक हातात थरथरे. शंभराला दारे खडखडत. त्या थरथरीलाच आम्ही पराक्रम समजत होतो.

वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते, हे शाळेत आम्ही घोकले होते. त्याचा अर्थ २०१० च्या एका हिवाळी रात्री समजला. झिजलेला पुढचा टायर फुटला, गाडी गरकन फिरली आणि दुभाजकावर आदळली. मागे बसलेल्या मित्राने पट्टा बांधला नव्हता. त्याचा उजवा गुडघा कायमचा निकामी झाला. इस्पितळात बाबा आले. गाडीविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. "सगळे जिवंत आहेत ना?" एवढेच विचारले, आणि रात्रभर त्या मित्राच्या आईशेजारी बाकावर बसून राहिले.

ज्या पन्नासच्या काट्याला आम्ही भित्रेपणा म्हणत होतो, त्यामागे दुसऱ्याच्या लेकरांची काळजी होती, हे त्या बाकाकडे पाहताना उमगले. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या कारणापुढे सरकारी अहवालात अतिवेग असे लिहिलेले आहे. आकड्यांशी आम्हां कारकुनांचा रोजचाच व्यवहार. पण हा आकडा वाचताना नजर पुढे सरकत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये त्या चिमुकल्या गाडीचे उत्पादन थांबले. आमची तर त्याआधीच भंगारात गेली. मित्र अजून आमच्याकडे येतो. एकेक पायरी चढत, कठड्याला धरून. त्या रात्रीविषयी तो कधी बोलत नाही. परत जाताना आम्ही त्याला घरी सोडतो. तो आधी पट्टा बांधतो, आणि आमचा काटा पन्नासच्या अलीकडे राहतो. मागून हॉर्न वाजतात. आम्ही डावीकडे सरून वाट देतो.