पुढच्या गाडीचा लाल दिवा आणि आपला पाय

"डॉक्टर, पुढच्याने अचानक ब्रेक मारला हो, माझी काय चूक?" मान धरून दवाखान्यात आलेला रुग्ण बहुतेक वेळा हेच म्हणतो. पूर्व द्रुतगती मार्ग आमच्या शीवलाच सुरू होतो, त्यामुळे असे रुग्ण नवे नाहीत. चूक कुणाची ते पोलीस बघतील. पण 'अचानक' म्हणजे नेमका किती वेळ, या प्रश्नाचा इतिहास मोटारींच्याही आधीचा आहे.

ग्रीनिचच्या वेधशाळेत किनब्रुक नावाचा सहायक होता. दुर्बिणीतल्या तारेवरून एखादा तारा सरकला की घड्याळाच्या ठोक्यांवरून ती वेळ लिहायची, हे त्याचे काम. त्याच्या नोंदी प्रमुख खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंद मागे पडू लागल्या. ताकीद देऊनही फरक पडेना, तेव्हा १७९६ साली त्याची नोकरी गेली. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी नामांकित निरीक्षकांची तुलना केली, तर प्रत्येकाच्या वेळेत असाच फरक निघाला. म्हणजे बिचारा आळशी नव्हता. पण हे कळेपर्यंत तो हयात नव्हता. १८०२ सालीच तो गेला.

मज्जातंतूंतून संदेश इतक्या वेगाने जातो की तो वेग कधीच मोजता येणार नाही, असे तेव्हाचे मोठे शरीरशास्त्रज्ञ मानत. १८५० साली हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायावर तो मोजला: सेकंदाला साधारण २७ मीटर, आवाजापेक्षाही कितीतरी कमी. त्यांच्या वडिलांनाही हे पटायला जड गेले. मनात आले आणि हात हलला, यात मध्ये वेळ कसला जातो?

जातो, आणि त्यातला बराचसा मेंदूत जातो. हॉलंडच्या डॉंडर्स यांनी १८६८ साली मांडलेल्या प्रयोगात माणसाच्या डाव्या किंवा उजव्या पायाला विजेचा हलका झटका देत, आणि त्याने त्याच बाजूचा हात हलवायचा असे. झटका कुठल्या पायाला बसणार हे आधी माहीत नसले, तर सुमारे एक-पंधरांश सेकंद जास्त लागे. नुसता 'डावा की उजवा' ठरवायला एवढा वेळ! रस्त्यावर तर लाल दिवा दिसला पाहिजे, तो ब्रेकचा आहे हे उमगले पाहिजे, मग पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर गेला पाहिजे. तयारीत असलेल्याला यासाठी साधारण पाऊण सेकंद लागतो, बेसावध असलेल्याला सव्वा ते दीड. ताशी ६० किलोमीटर वेगाने दीड सेकंदात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. म्हणून दोन सेकंदांचे अंतर ठेवा असे सांगतात. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मोजायला लागा. तुम्ही तिथे दोन सेकंदांच्या आत पोहोचलात, तर फार जवळ आहात. पावसाळ्यात याच्या दुप्पट ठेवा.

मागच्या काचेतल्या तिसऱ्या ब्रेक दिव्याची कल्पना एका मानसशास्त्रज्ञाने पुढे आणली. जॉन वोएव्होडस्की यांनी १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना मागे काचेच्या तळाशी जादा दिवा लावला, आणि मागून धडकण्याचे प्रकार ६० टक्क्यांनी घटले. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून तो सक्तीचा झाला. पण १९९८ च्या सरकारी अहवालात दीर्घकालीन घट जेमतेम ४.३ टक्के निघाली. मला यात आश्चर्य वाटत नाही. नवा दिवा डोळ्यांत भरतो, सगळ्याच गाड्यांना लागला की मेंदूला त्याची सवय होते. पंख्याचा आवाज ऐकू येईनासा होतो, तसेच.

दिवा सुधारता येतो, पण मेंदू रुग्णाबरोबर माझ्या खोलीत येतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असते. झोप आली नाही तरी त्याने प्रतिसाद मंदावतो, आणि 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्यालाही ते जाणवत नाही. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर असेल तर ब्रेकवर पाय किती दाबला हेच कळत नाही. म्हणून साध्या सर्दीचे औषध लिहितानाही मी विचारतो, "गाडी चालवता का? परत कशाने जाणार?" टॅक्सी, रिक्षा किंवा टेम्पो चालवणारा असेल, तर गोळी बदलतो.