चैत्र शुद्ध प्रतिपदा : तिथी, कथा आणि साल

वर्षातील तीनशे पासष्ट दिवसांपैकी ज्या एका दिवशी घरातील आजीपासून शेतावरील गड्यापर्यंत प्रत्येकाला ‘आज काही नवे सुरू झाले’ असे वाटते, तो दिवस म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदा, अर्थात गुढीपाडवा होय. औंढा नागनाथ व नरसी या परिसरात राहणाऱ्या आपल्या नामदेव शिंपी समाजाच्या घरोघरीही हा सण मोठ्या निष्ठेने पाळला जातो. परंतु हा दिवस कसा ठरतो, त्यासंबंधीच्या कथा कोणत्या, त्यांतील इतिहास किती आणि श्रद्धा किती, याचा विचार करण्यास सणाच्या धांदलीत सवड मिळत नाही. म्हणून समाजबंधु-भगिनींपुढे, विशेषतः शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींपुढे, ही माहिती यथामती ठेवीत आहे.

प्रथम तिथीचा विचार करू. अमावास्येस सूर्य व चंद्र आकाशात एकत्र येतात. त्यानंतर चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला म्हणजे एक तिथी पूर्ण होते. अशा तीस तिथींचा एक चांद्रमास. ज्या चांद्रमासात सूर्य मेष राशीत प्रवेश करतो तो चैत्र, आणि त्या मासाची पौर्णिमा चित्रा नक्षत्राच्या आसपास होते म्हणून त्याचे नाव चैत्र. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर सौरवर्ष ३६५ दिवसांचे. त्यामुळे पाडवा दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो. सन २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, तर २०२६ मध्ये १९ मार्चला. असाच मागे येत राहिला असता तर तो थंडीत, पुढे पावसाळ्यात गेला असता. परंतु सुमारे तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास धरून आपल्या पूर्वजांनी चंद्राला सूर्याच्या दावणीला बांधून ठेवले. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे २०२७ चा पाडवा पुन्हा ७ एप्रिलला जातो. म्हणून हा सण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, कडुनिंबाच्या मोहोराच्या दिवसांतच राहतो.

ही गणना आपल्याकडे फार जुनी आहे. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी शके १०७२ च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. त्यांत सृष्टीच्या कालचक्राचा आरंभ चैत्र शुद्ध प्रतिपदेस, रविवारी, लंकेतील सूर्योदयाच्या वेळी झाला असे त्यांनी मानले आहे. येथे लंका म्हणजे ज्योतिषांनी विषुववृत्तावर कल्पिलेले गणिताचे स्थान होय. याच समजुतीचे पौराणिक रूप म्हणजे ब्रह्मदेवाने या दिवशी सृष्टी निर्माण केली ही कथा.

पाडव्याच्या सकाळी पंचांग-श्रवणाची चाल होती व काही ठिकाणी ती अद्याप आहे. जोशीबुवा पारावर किंवा देवळात नव्या वर्षाचे फल वाचीत आणि ऐकणाऱ्यांत बहुसंख्य शेतकरी असत. तिथी, वार, नक्षत्र, योग व करण ही पंचांगाची पाच अंगे. परंतु श्रोत्यांचे कान असत ते यंदा आढक किती, म्हणजे पाऊस किती, या वाक्याकडे. ज्या वारी पाडवा येतो त्या वाराचा ग्रह वर्षाचा राजा, मेष संक्रांतीच्या वाराचा ग्रह मंत्री, आर्द्रा नक्षत्रात सूर्य शिरतो त्या वाराचा ग्रह मेघांचा अधिपती, असे हे ग्रहांचे दरबारी मंडळ असते. शके १९४७ चा पाडवा रविवारी आला म्हणून रवी राजा. शके १९४८ चा गुरुवारी आला म्हणून गुरू राजा.

संवत्सरांची नावेही अशीच. प्रभव, विभव, शुक्ल या क्रमाने साठ नावे आहेत व ती चक्राप्रमाणे फिरतात. मुलांनी एक सोपा हिशेब ध्यानात ठेवावा. शक-वर्षात १२ मिळवावे, बेरजेस ६० ने भागावे व बाकी राहील तितक्या क्रमाचे नाव घ्यावे. बाकी शून्य आल्यास साठावे, क्षय, घ्यावे. शके १९४७ मध्ये १२ मिळविले की १९५९, बाकी ३९, एकोणचाळिसावे संवत्सर विश्वावसु. पुढचे चाळिसावे ‘पराभव’. नाव ऐकून पुष्कळ भाबडी माणसे दचकतात व घराचे काम वा मुलीचे लग्न पुढे ढकलू पाहतात. परंतु हेच नाव शके १८८८ मध्ये, म्हणजे सन १९६६ मध्येही होते, आणि त्या वर्षीही घरे बांधली गेली, लग्ने झाली व मुले जन्मली. नाव पाळीने येते. कोणाच्या दैवाकडे पाहून येत नाही. अक्षय्य तृतीया व विजयादशमी यांबरोबर पाडवा साडेतीन मुहूर्तांत गणला जातो व बलिप्रतिपदा हा त्यांतील अर्धा मुहूर्त. या दिवशी वेगळा मुहूर्त पाहावा लागत नाही, हीच सामान्य माणसाला शास्त्राने दिलेली मोठी सोय आहे.

आता गुढीकडे वळू. महाभारताच्या आदिपर्वात उपरिचर वसु राजाची कथा आहे. इंद्राने त्याला वेळूची काठी दिली. राजाने ती जमिनीत रोवून, वस्त्र, गंध व माळांनी सजवून तिची पूजा केली व पुढे राजेलोक तसे करू लागले, असे तेथे सांगितले आहे. आपल्या गुढीशी तिचे साम्य उघड आहे. वेळूची काठी, तीवर रेशमी खण अथवा साडी, कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पाने, फुलांचा हार, साखरेची गाठी व वर उपडा तांब्या. यांतील वस्त्राविषयी आपल्या समाजाला विशेष आपुलकी वाटावी. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कात्री, सुई व दोरा यांवर प्रपंच चालला, त्या घरांत वर्षाचा पहिला नमस्कार वस्त्राला होतो, ही लहान गोष्ट नव्हे. कडुनिंबाची कोवळी पाने वा मोहोर, गूळ, चिंच, मिरे, ओवा, हिंग व मीठ यांची चटणी सकाळी खाण्यामागे ऋतुपालटातील आरोग्याचा विचार आहे. आणि वर्षात कडू-गोड दोन्ही घ्यावे लागते, ही शिकवण मुलांना एका घासात मिळते.

या दिवसाशी जोडलेल्या कथांपैकी रामचंद्र अयोध्येस परतले ती कथा सर्वतोमुखी आहे. परंतु मराठवाड्याला जवळची कथा शालिवाहनाची. गोदातीरी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, येथे कुंभाराच्या घरी वाढलेल्या या मुलाने मातीचे सैनिक केले, त्यांवर पाणी शिंपडून त्यांस जिवंत केले व शत्रूचा पराभव केला. त्या विजयाची स्मृती म्हणून शक सुरू झाला, अशी ही कथा. इतिहास थोडे निराळे सांगतो. इ. स. ७८ पासून चालणारा हा शक कुशाण राजा कनिष्क अथवा पश्चिमेकडील शक क्षत्रप यांच्याशी संशोधक जोडतात. सातवाहन राजे आपल्या लेखांत स्वतःच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजीत, आणि ‘शालिवाहन’ हे नाव या शकाला मध्ययुगात चिकटले. तथापि कथेच्या मुळाशी एक खरी घटना दिसते. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षत्रप नहपानाचा पराभव केला. सन १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. राजाची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेखात आपल्या पुत्राने शकांचा संहार केल्याचा उल्लेख आहे. लोकांनी विजय लक्षात ठेवला व जिंकणाऱ्याचे नाव हरलेल्यांच्या शकाला दिले. मातीच्या सैनिकांत प्राण भरणारा कुंभाराचा मुलगा ही कल्पना मात्र कष्टकरी जातींच्या मनातूनच आली असली पाहिजे, असे मला वाटते.

अलीकडे भ्रमणध्वनीवरून एक मजकूर दरवर्षी फिरतो. छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येनंतर गुढीची प्रथा लादली गेली, म्हणून ती उभारू नये, असा त्याचा आशय असतो. तरुण मुले विचारतात, म्हणून उत्तर देणे कर्तव्य आहे. महाराजांचा वध ११ मार्च १६८९ रोजी, फाल्गुन अमावास्येस झाला व दुसरे दिवशी शके १६११ चा पाडवा होता, हे खरे आहे. त्या आदल्या दिवशी महाराजांचे स्मरण करून नतमस्तक होणे प्रत्येक मराठी माणसाला शोभते. परंतु शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात सज्जनांकडून सुखाची गुढी उभारविण्याची भाषा आहे. संत चोखामेळ्यांच्या अभंगातही पंढरीच्या वाटेवर गुढी उभारावयास सांगितले आहे. म्हणजे आनंदाची खूण म्हणून गुढी उभारण्याची रीत त्या दुःखद प्रसंगापूर्वी सुमारे चारशे वर्षे महाराष्ट्रात रुजलेली होती. खऱ्या दुःखाला खोट्या इतिहासाचा आधार लागत नाही.

आपल्या भागात काळाची आणखी एक गणना नांदून गेली. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी दफ्तर फसली सनाने चाले व त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी आजूर महिन्यापासून सुरू होई. घरांतील जुन्या कागदांवर फसली सन आढळल्यास त्यात ५९० मिळवावे म्हणजे स्थूलमानाने इसवी सन निघतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले तेव्हा फसली १३५७ चालू होता. कचेरीत फसली, पण घरात व शेतात चैत्र, असा हा दुहेरी संसार होता. १९५६ पर्यंत तेलंगण व कन्नड जिल्हे आपल्याबरोबर एकाच राज्यात होते. तेथील लोक याच दिवशी युगादी साजरी करतात व कडुनिंबाच्या फुलांची षड्रस पचडी करतात. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग स्वीकारले. त्यातही शकच आहे व पहिला महिना चैत्रच. मात्र त्याचा १ चैत्र सूर्यावरून ठरतो व २२ मार्चला, प्लुतवर्षी २१ मार्चला, येतो. पाडव्याशी त्याची गल्लत करू नये.

इतके राजे व इतके सन बदलले, तरी मराठवाड्याच्या शेतात पाडवा का टिकला? याचे उत्तर सालगड्याच्या सालात आहे. व्यापाऱ्याची वही दिवाळीत बदलते, पण शेतकऱ्याचे साल पाडव्याला बदलते. रब्बीचे पीक घरात आलेले असते, खरिपाची मशागत पुढे असते. अशा वेळी मालक व गडी बसून बोली करतात. रोख किती, ज्वारी किती, उचल किती, कपडे-चपला काय, हे ठरते आणि पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस त्या शेताचा होतो. ग्रहमंडळातील राजा कोण, यापेक्षा त्याचे वर्ष कसे जाईल हे त्या बोलीवर अधिक अवलंबून असते. उचल फिटली नाही तर पूर्वी साल संपूनही माणूस सुटत नसे. सन १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे बांधून ठेवणे गुन्हा ठरविले.

शिक्षक या नात्याने याची दुसरी बाजू मी पुष्कळ वर्षे पाहिली. पाडव्याला गड्याने गाव बदलले की त्याचा संसार गाडीत जाई आणि त्याबरोबर शाळेच्या हजेरीपटावरील दोन-तीन नावेही जात. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. वर्षभर शिकलेले मूल परीक्षेला पंधरा दिवस उरले असता नाहीसे होई व पुढील जूनमध्ये ते कोणत्या वर्गात बसले, बसले की नाही, हे कळत नसे. सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दाखल्यासाठी अडवणूक न करता मुलाला नव्या गावी प्रवेश देणे शाळांना बंधनकारक केले आहे. पण कायदा कागदावर असतो. मूल शाळेपर्यंत पोहोचविणारे माणूस लागते.

औंढ्याच्या यादवकालीन देवळात उतरताना हा विचार मनात येतो. अरुंद पायऱ्यांनी खाली भूमिगत गाभाऱ्यात जावे लागते, तेथे नागनाथाचे लिंग आहे. संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर येथेच त्यांना भेटले अशी परंपरा आहे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले पाहून नामदेव संतापले. देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले. आणि नामदेव पाय उचलून ठेवतील तेथे पिंड उभी राहिली. याच देवळासमोर नामदेवांना कीर्तनास मज्जाव झाला तेव्हा ते मागील बाजूस गेले व देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही दुसरी कथा. नंदी मागे असण्याचे कारणही लोक याच कथेने सांगतात. देव एका दगडापुरता नाही, हे ज्यांना औंढ्यात उमगले त्यांची आपण लेकरे. मग शुभ तरी एकाच दिवसापुरते कसे असेल? पाडवा शुभ आहे, कारण त्या दिवशी आपण शुभ कामाला आरंभ करतो.

म्हणून समाजबांधवांना नम्र सूचना अशी की, ज्यांच्याकडे शेती आहे व सालगडी आहे त्यांनी गुढी उभारण्यापूर्वी त्याचा मागील हिशेब चुकता करावा, नवी बोली कागदावर लिहून त्याची एक प्रत त्यास द्यावी आणि त्याची मुले परीक्षा होईपर्यंत जुन्याच शाळेत राहतील अशी सोय करावी. राहण्यास जागा नसल्यास पंधरा दिवस आपल्या ओसरीवर ठेवावे. ज्यांच्याकडे शेती नाही, पण दुकान आहे, त्यांनी त्या मुलांपैकी एखाद्यास शाळेचा गणवेश शिवून द्यावा. आपल्या हातची ती विद्या आहे. समाजमंडळाने या कामासाठी गावोगावी एकेक माणूस नेमावा, ही विनंती करून हा लेख पुरा करतो. नवीन संवत्सर सर्व कुटुंबांस सुखाचे व आरोग्याचे जावो.