बखर सांगणारा कोण?

साताऱ्याच्या दरबारी मल्हार रामराव चिटणिसांनी 1810 च्या सुमारास बखर लिहिली. संभाजीमहाराजांचा वध 1689 चा. चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनी 1681 मध्ये देहदंड दिला होता. दुखावलेल्या घराने रंगविलेला राजाच पुढे नाटककादंबऱ्यांत वावरला. 1960 मध्ये वा. सी. बेंद्र्यांनी अस्सल कागद पुढे मांडले आणि चित्र पालटले; ‘छावा’ आली ती 1979 मध्ये. सांगलीकडे बत्तीस शिराळ्याची माणसे, महाराजांना सोडविण्याचा यत्न आमच्या गावी झाला, असे सांगतात. तेही सांगणारेच, त्यांच्या सांगण्यात प्रेम आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. साक्ष ऐकण्यापूर्वी विचारतो, सांगणारा कोण आणि त्याचे हित कशात? राष्ट्राने आपली ओळख ठरविताना हा प्रश्न नावडत्या बखरीला विचारावा, तसाच आवडत्या कथेलाही.