भाऊसाहेबांचा तोतया : वास्तव, समजूत आणि कल्पित



वास्तव, समजूत आणि कल्पित यांच्यातील सीमारेषा स्पष्ट आहे, असे आपण गृहीत धरतो. इतिहासाची कागदपत्रे हाताळू लागताच हे गृहीतक डळमळते आणि ‘इतिहास म्हणजे शेवटी एक कथाच’ असे म्हणण्याचा मोह होतो. हा मोह कितपत रास्त आहे, हे पानिपतानंतरच्या एका प्रकरणावरून पाहू.

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने त्या युद्धाची फारसी हकीकत लिहून ठेवली आहे. शिर नसलेले एक धड मांडीवरचा डाग आणि पाठीवरची जुन्या जखमेची खूण यांवरून भाऊंचे म्हणून ओळखले गेले, असे तो सांगतो. परंतु पुण्यातील आप्तस्वकीयांपैकी कोणी ते पाहिले नव्हते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणभूमीवरून परतल्या, पण १७८३ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी वैधव्य पत्करले नाही.

या अनिश्चिततेतूनच तोतया उभा राहिला. सुखनिधान नावाचा हा कनोजी ब्राह्मण स्वतःला भाऊ म्हणवू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याचे सोंग उघडे पडून तो कैदेत गेला. पुढे पेशवाईत गृहकलह माजला असता, १७७६ मध्ये रत्नागिरीच्या बंदिवासातून तो बाहेर पडला. कोकणातील किल्ले त्याच्या हाती आले, हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली. त्याच्यावर पाठविलेल्या फौजेचे नेतृत्व भिवराव पानशांबरोबर महादजी शिंद्यांकडे होते. पानिपतावर खऱ्या भाऊंच्या सैन्यात लढताना ज्यांचा पाय कायमचा अधू झाला, त्यांनाच भाऊंच्या नावाने उठलेले बंड मोडावे लागले. तोतया पकडला गेला, पुण्यास चौकशी झाली आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले.

येथे कल्पित कोणते आणि वास्तव कोणते? तोतयाचे भाऊपण खोटे होते. पण त्याची फौज, त्याने घेतलेले किल्ले आणि त्याच्यापायी मेलेली माणसे खरी होती. पार्वतीबाईंची आशा निराधार असेल. परंतु त्या आशेवर जगलेली बावीस वर्षे खरीच होती. तेव्हा समजूत हीसुद्धा इतिहासातील एक घटनाच असते आणि तिची नोंद इतिहासकाराने घेतलीच पाहिजे. मात्र लोकांचा विश्वास हा ‘लोकांनी विश्वास ठेवला’ एवढ्याचाच पुरावा होय. ‘भाऊ जिवंत होते’ याचा नव्हे. हजारोंनी मानले म्हणून सुखनिधानाचा सदाशिवराव झाला नाही.

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी घरांतून पानिपताच्या कितीतरी आठवणी पिढ्यानुपिढ्या सांगितल्या जातात. त्या जपाव्यात, त्यांची हेटाळणी करू नये. परंतु हे कोणी पाहिले, कोणी केवळ ऐकले, केव्हा लिहून ठेवले आणि तसे मानण्यात कोणाचे हित होते, हे प्रश्न विचारल्याखेरीज त्यांना पुराव्याचे स्थान देऊ नये. हे प्रश्न विचारण्याची सवय लहान वयात लावणे हे शाळेचे काम आहे. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी जन्मभर शिकविण्याचे व्रत घेतले होते. त्या व्रताचा वारसा पुढे चालावा, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.